मनोबलाला हवी सोयीची जोड

जळगावजवळचे असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव होय. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना शाळेचा लाभ झाला नाही. शेतात व घरकामात त्यांना सुचलेली गाणी चिरंजीव सोपानदेव आणि एका आप्ताने लिहून ठेवली; म्हणूनच त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती ग्रंथरूपाने वाचकांपुढे येऊ शकली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून याच निरक्षर कवयित्रीचे नाव आहे. बुद्धी असणे आणि ती कागदावर उतरविण्याची सोय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजही ही सोय नसल्यामुळे अनेक गुणी विद्यार्थी उच्च शिक्षणापासून दूर राहतात. त्यांत दिव्यांग व अनाथ युवकांची स्थिती विशेष बिकट असते.

जळगावातील प्रयत्न

या युवकांसाठी जळगावातच एका शिक्षकाने पुढाकार घेतला. प्रा. यजुर्वेंद्र महाजन यांनी २००५ साली दीपस्तंभ फाउंडेशनची स्थापना केली. ग्रामीण विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन करणाऱ्या या संस्थेने पुढे दिव्यांग व अनाथ विद्यार्थ्यांसाठी ‘मनोबल’ हा निवासी प्रकल्प हाती घेतला. दृष्टिहीन, अस्थिव्यंग, कर्णबधिर अशा विद्यार्थ्यांना येथे उच्च शिक्षण व स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राहण्याची व अभ्यासाची सोय मिळते. बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण होताच तेथून बाहेर पडावे लागते. पदवीचा अभ्यास सुरू होण्याच्या वेळीच डोक्यावरचे छप्पर जाते. अशा युवकाला शिकवणीइतकीच निवासाची गरज असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तयारीचे स्वरूप

दृष्टिहीन विद्यार्थ्याची तयारी केवळ पाठांतराने होत नाही. सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी, ध्वनिमुद्रित पुस्तके आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा संगणक ही त्याची साधने होत. परीक्षेत तो लेखनिकाच्या साहाय्याने उत्तरे लिहितो. मनातील उत्तर मुद्देसूद रचून, लिहिणाऱ्याच्या गतीने, विरामचिन्हांसह सांगणे ही स्वतंत्र कला असून ती सरावानेच साधते. यासाठी केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ दिला आहे. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चार तास मिळतात. कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण निराळी असते. त्याला सांकेतिक भाषेतून शिकविणारा शिक्षक मिळाला नाही, तर वर्गात बसूनही तो वर्गाबाहेरच राहतो.

कायद्याचे पाठबळ

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के, तर शासकीय सेवेत चार टक्के जागा राखीव आहेत. अनाथांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ साली एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला.

तथापि, कायदा झाला म्हणजे वाट मोकळी होतेच असे नाही. सहाव्या वर्षी दृष्टी गमावलेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु दृष्टिहीनतेचे कारण देऊन त्यांना रेल्वेची सेवा नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि २०१७ साली १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला.

गावाची जबाबदारी

अशी जिद्द प्रत्येकाकडून अपेक्षिणे न्याय्य नव्हे. वाट सुकर करणे हे समाजाचे काम आहे. शाळेतील शिक्षकांनी दिव्यांग विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र दहावीपूर्वीच मिळवून द्यावे, लेखनिकाची मागणी परीक्षेचा अर्ज भरतानाच नोंदवावी व सरावासाठी वाचक मिळवून द्यावा. गावातील सुशिक्षित तरुणाने आठवड्यातून दोन तास एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी वाचन केले, तरी ती मोठीच मदत ठरेल. त्यासाठी अनुदानाची अगर इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही.