खेळाचा डोंगर

शिल्पकार इसामू नोगुची म्हटलं की आकाशकंदिलासारखे दिसणारे त्याचे ‘अकारी’ हे कागदी दिवे आठवतात. माझं मन मात्र कित्येक वर्षं त्याच्या एका प्लास्टरच्या नमुन्यात अडकलेलं आहे. १९३३ सालचा हा ‘प्ले माउंटन’. न्यूयॉर्कमधल्या चार रस्त्यांच्या मधल्या जागेत पायऱ्यापायऱ्यांचा एक डोंगर, हिवाळ्यात बर्फावरून घसरायला उतार. झोपाळा नाही, सी-सॉ नाही. शिल्प म्हणून जमीनच घडवायची आणि पोरांनी तिच्यावर मनसोक्त हुंदडायचं.

पुढच्याच वर्षी तो ही कल्पना घेऊन शहराचा उद्यानप्रमुख रॉबर्ट मोझेस याच्याकडे गेला. मोझेस खदाखदा हसला आणि त्यानं आपल्याला जवळजवळ हाकलूनच दिलं, असं नोगुचीनं पुढे सांगितलं आहे. मोझेस काही मुलांचा वैरी नव्हता. त्याच्या अमदानीत शहरात साडेसहाशेच्या वर क्रीडांगणं झाली. पण बहुतेक एकाच साच्यातली. झोपाळे, घसरगुंडी, कुंपण. आकडा वाढवण्यात तो रमला, आणि आकड्यात न मावणारं त्याला दिसेना.

नोगुचीनं नंतर आखलेली खेळणी धोकादायक आहेत, असा आक्षेप आला. तेव्हा १९४१ मध्ये त्यानं नुसत्या उंचसखल जमिनीचं क्रीडांगण आखलं, म्हणजे पडायला उंच काही उरूच नये. मग युद्ध आलं आणि तेही राहून गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या आवारातल्या क्रीडांगणाची योजना १९५२ मध्ये पुन्हा मोझेसनंच हाणून पाडली. साठच्या दशकात वास्तुविशारद लुई कानसोबत न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड पार्कसाठी पाच वर्षांत पाच आराखडे झाले. या वेळी शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. त्यांची तक्रार मला अगदीच गैर वाटत नाही. हिरवळ मुळात कमी, त्यात हे बांधकाम. १९६६ मध्ये नव्या महापौरांच्या काळात तेही बारगळलं.

मधे, १९४९ मध्ये, नोगुची भारतात फिरला आणि जंतरमंतरचे फोटो काढले. दगडी जिने, उतार, आकाशाकडे चढत जाणारी बांधकामं: आपल्या डोंगराचे नातलगच त्याला तिथे भेटले असणार.

१९८८ मध्ये जपानमधल्या साप्पोरो शहरानं त्याला जागा दाखवल्या. त्यानं निवडली मोएरेनुमा, जिथे शहर कचरा टाकत होतं. एकूण २७ लाख टन कचरा तिथे गाडला गेला आहे. सगळी बाग मिळून एकच शिल्प, असं त्यानं ठरवलं. १७ नोव्हेंबरला, ८४व्या वाढदिवशी, नमुना सादर झाला; ३० डिसेंबरला नोगुची गेला.

मग ही बाग त्याची कशी? शोजी सादाओ आणि जुनइची कावामुरा यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं, २००५ मध्ये सुमारे १८९ हेक्टरची बाग पूर्ण झाली. तरी मी ती नोगुचीचीच मानतो. तिथे ‘प्ले माउंटन’ उभा आहे, ३० मीटर उंच, एका अंगाला ग्रॅनाइटच्या पायऱ्या, बाकी गवत. तिथल्याच काचेच्या पिरॅमिडात मला इतरांचा हात अधिक दिसतो. पिरॅमिडाबद्दल वाद जरूर घालावा. डोंगराबद्दल नको.