ईआरपीमधला डेटा रिसर्चला घेताना: माझ्या चुकांवरून काही टिप्स

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला: "कंपनीने सॅपचा डेटा द्यायचं कबूल केलंय, आता सुरुवात कुठून करू?" उत्तर प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. माझं काम प्रोसेस मायनिंगवर आहे. म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये राहिलेल्या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कसं चालतं हे शोधायचं. त्यासाठी प्रत्येक नोंदीबद्दल किमान तीन गोष्टी लागतात: कोणत्या प्रकरणाची नोंद, कोणतं काम, आणि ते केव्हा झालं. ऐकायला सोपं आहे. पण माझे पहिले सहा महिने तिसऱ्या गोष्टीने खाल्ले, म्हणून आधी तेच सांगतो.

माझी चूक

पुण्याजवळच्या एका कारखान्याचा खरेदीचा डेटा माझ्याकडे होता. आपल्याकडे खरेदीचा क्रम सगळ्यांना माहीत असतो: पर्चेस ऑर्डर निघते, माल येतो, स्टोअरवाला जीआरएन करतो (सॅपमध्ये त्याला सगळे 'मिगो केलं' म्हणतात), मग अकाउंट्सवाले बिल चढवतात ('मिरो केलं'), शेवटी पेमेंट. मी लॉग तयार केला आणि पाहतो तर बऱ्याच ऑर्डरींमध्ये बिल आधी आणि माल नंतर! मी खूश. पेपर मिळाला असं वाटलं. युजर आयडीप्रमाणे यादी काढली, तर स्टोअरमधला एक आयडी सगळ्यात वर. ही यादी मी उत्साहाने प्लँटमध्ये दाखवली. तिथले साहेब म्हणाले, "याला उद्याच बोलावतो."

सुदैवाने मी एक दिवस मागून घेतला आणि स्टोअरमध्ये जाऊन बसलो. तिथल्या काकांनी गेट रजिस्टर उघडून दाखवलं. शनिवारी संध्याकाळी गाड्या येतात, तेव्हा ऑफिस बंद झालेलं असतं. माल उतरवून घेतात, एन्ट्री सोमवारी करतात, पण पोस्टिंगची तारीख शनिवारचीच टाकतात, कारण माल शनिवारी आला. अकाउंट्सवालेही सोमवारी दुपारी बिल चढवतात आणि तारीख शनिवारची टाकतात. आणि तो 'सगळ्यात वरचा' आयडी एका माणसाचा नव्हताच, तिन्ही शिफ्टचे लोक तोच वापरत होते.

मी काय केलं होतं? मालासाठी एन्ट्रीची तारीख आणि वेळ घेतली होती, बिलासाठी पोस्टिंगची तारीख. मग शनिवारचं बिल सोमवारच्या मालाच्या आधी येणारच. त्यात भर म्हणजे पोस्टिंगच्या तारखेला वेळच नसते. माझ्या कोडने तिथे रात्रीचे बारा धरले, त्यामुळे एकाच दिवशी झालेल्या नोंदींमध्येही बिल नेहमी पहिलं.

सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. त्या बहुतेक ऑर्डरींवर 'जीआरएन झाल्याशिवाय बिल नाही' ही खूण लावलेली होती. एक्पो टेबलमध्ये त्याचं फील्ड आहे, वेब्रे नावाचं. म्हणजे मी जे 'शोधलं' होतं ते सिस्टीमने होऊच दिलं नसतं. आधी ते एक फील्ड पाहिलं असतं तर माझा निष्कर्ष तिथेच पडला असता. आणि मी एक दिवस मागितला नसता तर एका माणसाला न केलेल्या गोष्टीचा जाब द्यावा लागला असता.

म्हणून या टिप्स.

१. टेबलाआधी माणूस

सॅप ही जर्मन कंपनी, १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सुरू केलेली. त्यामुळे टेबलांची नावं जर्मन शब्दांची लघुरूपं आहेत. एक्को म्हणजे खरेदीच्या कागदाचं डोकं, एक्पो म्हणजे त्यातल्या ओळी. शेवटी 'के' किंवा 'केओ' दिसलं तर बहुधा हेडर, 'पी' किंवा 'पीओ' दिसलं तर बहुधा आयटम. एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते. पण टेबल वाचण्याआधी जो ती स्क्रीन रोज भरतो त्याच्या शेजारी एक दिवस बसा. कोणतं फील्ड तो खरंच भरतो आणि कोणतं 'लाल होऊ नये म्हणून' भरतो, हे कुठल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये नसतं.

२. तारखा तीन असतात

अकाउंटिंगच्या हेडर टेबलमध्ये, म्हणजे बीकेपीएफमध्ये, निदान तीन तारखा आहेत. ब्लडॅट ही कागदावरची तारीख, म्हणजे पुरवठादाराने बिलावर छापलेली. बुडॅट ही पोस्टिंगची, हिशोब कोणत्या महिन्यात धरायचा ते सांगणारी. सीपीयूडीटी म्हणजे नोंद प्रत्यक्ष केली ती तारीख, आणि तिच्याच जोडीला सीपीयूटीएममध्ये वेळ. पहिल्या दोन माणूस टाकतो, तिसरी सिस्टीम टाकते. काम कोणत्या क्रमाने झालं हा प्रश्न असेल तर सगळीकडे तिसरीच वापरा. माल कधी आला हा प्रश्न असेल तर दुसरी पाहा, आणि तरी गेट रजिस्टर विचारा. काहीही करा, एका लॉगमध्ये दोन प्रकार मिसळू नका.

सराव करायचा असेल तर बीपीआय चॅलेंज २०१९ चा डेटा खुला आहे. नेदरलँड्समधून काम करणाऱ्या, रंग आणि कोटिंगच्या धंद्यातल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या खरेदीच्या नोंदी: ७६,३४९ खरेदी कागद, त्यात २,५१,७३४ ओळी, एकूण १५,९५,९२३ घटना. त्यात १९४८ सालच्या तारखासुद्धा सापडतात! तेव्हा सॅप ही कंपनीही सुरू झालेली नव्हती. कोणीतरी कुठेतरी चुकीचं टाइप केलं असणार. पहिल्याच दिवशी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख छापून बघायची सवय लावा.

३. किल्ली पूर्ण घ्या

'डॉक्युमेंट नंबर' एकटा पुरत नाही. अकाउंटिंगचा कागद ओळखायला कंपनी कोड, नंबर आणि आर्थिक वर्ष तिन्ही लागतात, कारण तोच नंबर दरवर्षी पुन्हा येऊ शकतो. आपल्याकडे वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून फेब्रुवारी २०२३ च्या कागदावर वर्ष २०२२ दिसेल. ती चूक नाही, 'दुरुस्त' करू नका. डेटा सिस्टीमबाहेर काढून जोडत असाल तर मँड्ट, म्हणजे क्लायंटचा नंबर, हाही जोडणीत घ्या. एबॅपमध्ये तो आपोआप धरला जातो, बाहेर नाही.

आणि पुढची शून्यं! ऑर्डरची पहिली ओळ १० नसून ००० लावलेली ०००१० असते, पुरवठादाराचा नंबर दहा अक्षरांचा असतो. फाइल एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्यं गेली, आणि जोडणीत ओळी गुपचूप गळतात. कॉलम टेक्स्ट म्हणूनच वाचा.

४. रकमेची खूण आणि चलन

बीसेगमध्ये रक्कम सहसा धनच असते. नावे की जमा हे शेजारच्या फील्डमध्ये, 'एस' म्हणजे नावे, 'एच' म्हणजे जमा. हे न पाहता बेरीज केली तर आकडा भलताच फुगतो. येनसारख्या, दशांश नसलेल्या चलनात आणखी गंमत: दहा हजार येन टेबलमध्ये १००.०० असे दिसतात. सॅपच्या स्क्रीनवर बरोबर दिसतं, तुमच्या फाइलमध्ये शंभरपट कमी.

५. खोडलेलं गेलेलं नसतं

ऑर्डरची ओळ 'डिलीट' केली तरी टेबलमध्ये राहते, फक्त खूण लागते. माल घेतल्याची हालचाल १०१, तीच रद्द केली की १०२. दोन्ही नोंदी राहतात. नुसत्या १०१ मोजल्या तर न आलेला मालही आला म्हणून धराल. बदलांचा इतिहास सीडीएचडीआर आणि सीडीपॉस या जोडीत मिळतो: कोणी, केव्हा, जुनी किंमत काय, नवी काय. पण ज्या फील्डवर बदल नोंदवायची सोय चालू आहे त्यांचाच इतिहास मिळतो. तिथे नोंद नाही म्हणजे बदल झाला नाही, असं लिहू नका.

६. एबॅपमधला एक सापळा

स्वतः एबॅप लिहिणार असाल तर 'फॉर ऑल एंट्रीज' जपून. ज्या यादीवरून शोधायचं ती यादी रिकामी असेल तर अट पूर्णच सोडून दिली जाते आणि अख्खं टेबल वाचायला निघतं. प्रॉडक्शनवर दुपारी हे झालं की बेसिसवाले तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. म्हणून आधी यादी रिकामी नाही ना ते तपासा. दुसरं म्हणजे हे वाक्य निकालातल्या सारख्या ओळी काढून टाकतं. तुम्ही नुसती रक्कम मागितली आणि दोन बिलं पाचशे-पाचशेची असली तर एकच येईल. संपूर्ण किल्ली निवडलीत तर हा प्रश्न येत नाही. स्टँडर्ड प्रोग्रॅमला हात लावू नका, आपलं नाव झेडने सुरू करा, आणि मोठं वाचन क्वालिटी सिस्टीमवर नाही तर रात्री.

७. बेरीज जुळवा, नावं झाका

डेटा काढला की त्याच तारखांसाठी सिस्टीममधला तयार रिपोर्ट चालवा. ऑर्डरींसाठी एमई२एन, मालाच्या हालचालींसाठी एमबी५१. ओळी आणि बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. काढल्याची तारीख, लावलेले फिल्टर, आलेल्या ओळी एका वहीत लिहा. व्हायव्हाला पहिला प्रश्न तिथूनच येतो.

आणि युजर आयडी पहिल्याच पायरीला बदलून टाका. बदलाची यादी तुमच्याकडे नको, कंपनीकडेच राहू द्या. माझ्याकडे खरे आयडी नसते तर ती यादी त्या बैठकीत दाखवताच आली नसती.

शेवटचं. तुमच्या निष्कर्षात 'लोक नियम मोडतात' असं आलं की थांबा आणि तीन प्रश्न विचारा: सिस्टीमने हे होऊ दिलं असतं का? मी कोणती तारीख घेतली? त्या आयडीमागे खरंच एक माणूस आहे का? तिन्हींचं उत्तर आल्यावरच प्लँटमध्ये स्लाइड लावा. तोवर स्टोअरमध्ये जाऊन बसा, चहा तिथे चांगला मिळतो.