सक्युलंटला ताण द्या

ताण देणं म्हणजे काय, हे वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला सांगावं लागत नाही. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि मृग बहारासाठी मे महिन्यात तो झाडाचं पाणी तोडतो, पानं मलूल होऊ देतो, मग झाड फुलावर येतं. त्याच घरातली सून अमरावतीच्या फ्लॅटमध्ये तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं पाणी खिडकीतल्या इवल्याशा सक्युलंटला रोज ओतते. महिन्याभरात रोप बुडातून काळं पडतं आणि बोट लावलं की आडवं होतं. "रोज पाणी देते न काकू मी, तरी कावून सुकून रायलं?" हा प्रश्न मी अमरावतीला सासरी ऐकते, अकोल्याला माहेरीही ऐकते. माझं उत्तर दोन्हीकडे सारखंच असतं: रोप पाण्यानं मेलं.

पानात किंवा खोडात पाणी साठवून ठेवणाऱ्या वनस्पती म्हणजे सक्युलंट. नाव नवं वाटलं तरी ही मंडळी वऱ्हाडात जुनीच आहेत. परसातली कोरफड, मुतखड्यावरचं औषध म्हणून लावलेली पानफुटी, धुऱ्यावरचं निवडुंग ही सगळी त्यातलीच. नर्सरीत छोट्या कुंडीत मिळणारी हॉवर्थिया, जेड, एचेव्हेरिया ही त्यांची परदेशी भावंडं. हॉवर्थिया आणि जेड दक्षिण आफ्रिकेतली, एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगरांतली.

यांचं पोट कसं भरतं हे एकदा समजलं की पाण्याचं गणित आपोआप सुटतं. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्या छिद्रांतून पाणीही उडून जातं. सक्युलंट सहसा दिवसा दारं लावून घेतं आणि रात्री उघडतं. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवायचा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात वापरायचा, अशी त्याची रीत. पानातल्या या आम्लाचं निरीक्षण आपल्याच देशात पानफुटीवर झालं याचं मला फार अप्रूप वाटतं. बेंजामिन हाइन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ. पानफुटीचं पान सकाळी चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडसर लागतं, असं त्यांनी स्वतः चाखून लिहून ठेवलं. त्यांचं ते टिपण 1815 च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापलं. तुम्हालाही करून पाहता येईल. पान मोडून नुसती जीभ लावा आणि थुंका, गिळू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

आता आपल्या मे महिन्याकडे या. अकोल्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि नवतपात रात्रीसुद्धा गच्ची तापलेली असते. रात्र थंड झाली नाही तर या रोपांचं काम मंदावतं, वाढ थांबते आणि मुळं पाणी ओढेनाशी होतात. अशा वेळी कीव येऊन ओतलेलं पाणी कुंडीत नुसतं साचून राहतं. वरून कूलरची ओलसर हवा मिळाली की बुरशीला आयतं घर. म्हणून एप्रिलपासून कुंडी कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, पश्चिमेची खिडकी टाळा, पूर्वेचं कोवळं ऊन द्या. गच्चीवर ठेवायचीच असेल, तर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी ताणा. एचेव्हेरिया दिसायला देखणी असली, तरी थंड रात्रींची सवय असल्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात हाल सोसते. पहिलं रोप घेणाऱ्याला मी हॉवर्थिया किंवा जेडच सुचवते. भरपूर ऊन असेल, तर अडेनियम.

खरी गोम मातीत आहे. आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, कारण ती पाणी धरून ठेवते. नेमका तोच गुण इथे घातक ठरतो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय डवरा घालत नाही. कुंडीतल्या काळ्या मातीत मात्र वाफसा यायला कितीतरी दिवस लागतात आणि तोवर नाजूक मुळं गुदमरतात. पुढे ती माती सुकून आक्रसते, कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. नर्सरीतून आणलेल्या रोपाची मातीसुद्धा म्हणूनच बदलावी. मुरूम चाळून त्यातली धूळ टाकून द्यावी. ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे खडे उरतात; असा दोन वाटे मुरूम, एक वाटा विटांचा चुरा आणि एक वाटा गांडूळखत एकत्र करावं. कुंडी मातीची, खाली भोक असलेली आणि रोपाच्या मानानं लहानच असावी. पाणी घातल्याबरोबर ते खालून वाहून गेलं पाहिजे. पुन्हा पाणी केव्हा द्यायचं, ते अगरबत्तीची जळून उरलेली काडी सांगते. ती तळापर्यंत खुपसायची. कोरडी निघाली तर पाणी, ओल लागली तर थांबायचं. अकोल्यासारख्या गावात, जिथे नळ रोज येत नाही, तिथे याहून सोयीचं झाड कोणतं?

पाणी कोणतं, हेही पाहा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूरकडच्या बोअरचं पाणी कुंडीला दिलं, तर काही दिवसांतच काठावर पांढरा थर धरतो. तेच क्षार मुळांपाशीही साचतात. धरणाचं नळाचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं टिपून काढा. पानांवरची मूळची पांढुरकी भुकटी मात्र पुसू नका. ती उन्हापासून रोपाला जपते.

थंडीची चाहूल लागली की नवी रोपं करायचा हंगाम. एचेव्हेरियाचं खालचं गुबगुबीत पान हळूच डावी-उजवीकडे हलवून बुडासकट सोडवा. अर्धवट तुटलेलं चालत नाही. दोन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग मुरमावर नुसतं आडवं टाका, पुरू नका. काही आठवड्यांनी तुटल्या जागी गुलाबी धाग्यांसारखी मुळं दिसतात आणि त्यांच्याशेजारी मोहरीएवढ्या पानांचा चिमुकला गुच्छ. मूळ पान सुरकुतत जातं, कारण त्यातलंच पाणी बाळ पीत असतं. ते पान ओढून काढू नका, आपोआप गळेल.

आपल्याकडे रोपं सर्वांत जास्त दगावतात ती पावसाळ्यात. तेव्हा मृग लागायच्या आत कुंड्या छपराखाली घ्या, श्रावणात काडी खुपसून पाहिल्याशिवाय थेंबभरही पाणी देऊ नका, आणि दसरा झाल्यावरच त्यांना पुन्हा उघड्यावर ठेवा.