सुंदा ते साहुल : ऑस्ट्रेलियात माणूस पोहोचला कसा?

• साहुल : हिमयुगात समुद्राची पातळी खालावल्याने ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व टास्मानिया मिळून झालेला एकसंध भूखंड.

• सुंदा : सुमात्रा, जावा, बोर्निओ ही तेव्हा आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेली बेटे.

• वॉलेशिया : दोहोंमधला द्वीपसमूह. समुद्र खोल असल्याने पाणी सुमारे १२० मीटर उतरले, तेव्हाही इथे जमीन सलग झाली नाही. प्रवास समुद्रमार्गेच.

• संभाव्य मार्ग : उत्तरेकडून सुलावेसीमार्गे न्यू गिनी, दक्षिणेकडून तिमोरमार्गे वायव्य ऑस्ट्रेलिया.

• काळ : सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी. उत्तर ऑस्ट्रेलियातील मजेडबेबे येथील अवजारांचे वय ६५,००० वर्षांपर्यंत मांडले गेले आहे. त्यावर मतभेद आहेत.

• मुंगो सरोवर (आग्नेय ऑस्ट्रेलिया) : सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या दफनाचे व दहनाचे अवशेष.