जुन्या मोटारीस आल्टरनेटर

नंदुरबार जिल्ह्यांत शहाद्याहून तोरणमाळास जाणारा रस्ता सातपुड्याचा घाट चढून जातो. आषाढांतल्या रात्रीं पाऊस आणि धुकें असतां तेथें मोटार अगदीं मंदगतीनें न्यावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळीं जुन्या अँबॅसडरसारख्या गाडीचे दिवे निस्तेज होऊं लागतात. घाटांत वळण दिसेनासें होणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. म्हणून डायनामो काढून आल्टरनेटर बसवावा, असा विचार अशा गाडीच्या मालकांच्या मनांत येतो. त्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीवरून घडविलेली. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत लुकास कंपनीचा सी-४० डायनामो पुष्कळ आढळे. त्याचा पूर्ण प्रवाह २२ अँपिअर. आतां हिशेब करूं. ६० वॅटचे पुढचे दोन दिवे १२ व्होल्टांवर १० अँपिअर घेतात. त्यांत वायपर, मागचे दिवे आणि इंजिनाची ठिणगी यांची भर पडते. गाडी वेगांत असतां हें सारें निभतें. परंतु इंजिन मंद फिरूं लागलें कीं डायनामो जवळजवळ कांहींच देत नाहीं, आणि सर्व भार बॅटरीवर पडतो.

याचें कारण रचनेंत आहे. डायनामोंत ज्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते तींच फिरतात, व सगळा प्रवाह कार्बनच्या ब्रशांतून बाहेर काढावा लागतो. म्हणून त्यास फार वेग सोसत नाहीं. आल्टरनेटरमध्यें चुंबक फिरतें व मुख्य वेटोळीं स्थिर राहतात. ब्रशांतून केवळ चुंबक जागविण्यापुरता अल्प प्रवाह जातो. त्यामुळें लहान पुली लावून त्यास अधिक वेगानें फिरवितां येतें, व इंजिन मंद असतांहि वीज मिळते. हा प्रवाह उलटसुलट वाहतो. सिलिकॉनचे डायोड त्यास एका दिशेस लावितात. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९६० च्या व्हॅलियंट गाडींत हें यंत्र प्रथमपासूनच बसवून दिलें.

परंतु यंत्र बदललें म्हणजे काम संपलें, हा समज घातक आहे. पाटांत दुप्पट पाणी सोडावयाचें तर आधीं पाट रुंद करावा, हें तापीकांठच्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. तारेचा नियम याहूनहि कडक आहे. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. २२ च्या जागीं ४४ अँपिअर जाऊं लागल्यास जुन्या, जीर्ण वेष्टनाच्या तारेपासून गाडी पेट घेऊं शकते.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरी सोडवावी. आल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार व योग्य फ्यूज घालावा. जुन्या कट-आऊटच्या पेटीचें काम आतां उरत नाहीं. तिच्या जोडण्या जाणत्या वायरमनकडूनच बदलून घ्याव्या. कांहीं जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे; आल्टरनेटर ऋण टोकाच्या जोडणीचा असेल, तर तसाच जोडतांच डायोड जळतात. पट्टा सैल असूं नये. काम झाल्यावर चालू इंजिनावर बॅटरीचा दाब सुमारें १४ व्होल्ट भरावा. इंजिन चालू असतां बॅटरी कधींहि सोडवूं नये.

मिस्त्रीस आल्टरनेटरची किंमत अवश्य विचारा. परंतु त्याआधीं तो कोणती तार घालणार आहे, हें विचारा.