वीस माकडांचा हिशेब

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी देशातील पहिल्या फिरत्या बीएसएल-३ प्रयोगशाळेचे उद्घाटन नाशकात झाले. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या हस्ते. पुढे २०२३ मध्ये निपाहच्या साथीत फिरती प्रयोगशाळा केरळात कोझिकोडलाही पोहोचली. आम्ही तिचे स्वागतच करतो. पण विषाणू कोणता, एवढेच ती सांगते. तो शरीरात काय करतो, लस त्याला अडवते का, हे आधी मुक्या जनावरावर पाहावे लागते.

कोव्हॅक्सिनचेच घ्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माकडे जंगलात पांगली होती. शोधता शोधता ती नागपूरकडे मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वीस माकडांचे चार गट केले. तीन गटांना लस, एकाला बिनलसीचे इंजेक्शन. दोन डोसांनंतर सर्वांच्या नाकात आणि श्वासनलिकेत विषाणू सोडला. बिनलसीच्या गटाला न्यूमोनिया झाला, लस घेतलेल्यांची फुप्फुसे वाचली. माकडाला देव मानणाऱ्या देशाने या वीस जणांचा हिशेब कधी मांडला?

सवाल आणखी एक आहे. अशा ठिकाणी पिंजरे धुतो कोण? चाव्याचा, ओरखड्याचा धोका आधी कोणाच्या हाताला? झाडू-बादली पिढ्यान्पिढ्या कोणाच्या वाट्याला आली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. नाशकात वा कुठेही नवी प्रयोगशाळा उभारताना या कामगाराला प्रशिक्षण, विमा आणि कायम नोकरी द्या. आणि शास्त्रज्ञांच्या आरक्षित जागाही भरून दाखवा.