काचा वर केलेली गाडी

वॉशिंग्टनमधल्या टेनलीटाऊनजवळचे फोर्ट रीनो पार्क तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पाण्याची टाकी, हिरवळ, एक साधा मंच. १९६८पासून तिथे उन्हाळ्यात संगीताचे मोफत कार्यक्रम होत आले आहेत. नव्वदच्या दशकात मुलाला तिथे सोडायचे आणि परत आणायचे काम माझ्याकडे असे. तो फ्युगाझी या बँडचा भक्त. मी मात्र गाडीच्या काचा वर करून उत्तरपत्रिका तपासत बसे. बाहेरच्या आवाजावरून कोणीतरी पत्र्याची शेड पाडत असावे, असे वाटायचे.

गेल्या हिवाळ्यात या बँडवरचा ‘इन्स्ट्रुमेंट’ हा माहितीपट पाहिला. १९९९चा, दिग्दर्शक जेम कोहेन. १९८७ ते १९९८ अशी अकरा वर्षे ते चित्रण करत होते. कधी सुपर-एटवर, कधी सोळा मिलिमीटरवर, कधी साध्या व्हिडिओवर. कोहेन हे गायक इयन मॅके यांचे शाळेपासूनचे मित्र. म्हणूनच चित्रपटात निवेदक येऊन काही समजावून सांगत नाही. कंटाळवाणा प्रवास दिसतो, रेकॉर्डिंगमधली खटपट दिसते, तुरुंगात कैद्यांपुढे केलेला कार्यक्रम दिसतो. आणि मधूनच कार्यक्रमाला आलेली मुले-मुली काही न बोलता कॅमेऱ्याकडे बघत उभी राहतात. मला सगळ्यात आवडले ते हेच. गाणाऱ्यांइतकेच ऐकणारेही त्या संगीताचा भाग होते, हे कोहेन यांनी ओळखले होते.

मॅके आणि जेफ नेल्सन यांनी १९८०मध्ये डिस्कॉर्ड ही कंपनी काढली तेव्हा ती शाळा नुकतीच संपवलेली पोरे होती. सुरुवातीच्या तबकड्यांची वेष्टने त्यांनी मित्रमंडळींसह हाताने कापून, घडी घालून, डिंकाने चिकटवली. पुढे फ्युगाझीचे तिकीट शक्यतो पाच डॉलर, आणि कोणत्याही वयाला प्रवेश. कोणी धसमुसळेपणा केला, तर गाणे थांबवून पाच डॉलर परत देऊन त्याला बाहेर काढायचे. आमच्या मंडळाच्या सभांनाही हा नियम लागू करावा, असे मला अनेकदा वाटले आहे.

स्कॉट क्रॉफर्ड यांचा ‘सॅलड डेज’ (२०१४) हाही याच शहराच्या पंक संगीतावरचा माहितीपट. शाळकरी वयातच क्रॉफर्ड त्या संगीतावर स्वतःचे छोटे नियतकालिक काढत. म्हणजे दोघेही कॅमेरा घेऊन बाहेरून आलेले नव्हते. आणि अशा चित्रपटाला जे लागते, ते म्हणजे झेरॉक्स केलेली पत्रके, कॅसेटी, धूसर फोटो, कोणाच्या तरी खोलीत उरले होते म्हणून मिळाले.

आमच्या घरात ते उरले नाही. घर बदलताना मुलाच्या खोलीतला एक खोका मी कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला ठेवला. कॅसेटी होत्या, पत्रके होती, त्याच्या स्वतःच्या बँडच्या सरावाचे रेकॉर्डिंगही होते. मी त्याला विचारले नाही. माझे १९७४ सालचे प्रबंधाचे कच्चे खर्डे मात्र नव्या घरी आले. ‘इन्स्ट्रुमेंट’ पाहताना त्या रांगेतल्या चेहऱ्यांवर मी चित्रपट सारखा थांबवत होतो. टोपी घातलेल्या एका मुलाचा फोटो काढून त्याला पाठवला. उत्तर आले, ‘तो मी नाही, बाबा. पण तुम्ही शोधलंत?’

आता मुद्द्याचे. आपल्या मंडळातली चार-पाच मुले सध्या एका तळघरात गिटार, ड्रम आणि आजीकडून शिकलेले अभंग एकत्र वाजवतात. कसे वाजवतात, ते मला विचारू नका. माझा कान कसा आहे, ते वर सांगितलेच आहे. पण ज्या कोणाकडे फोन आहे, त्याने त्यांचे चित्रण आत्ता सुरू करावे. फक्त गणपतीतला कार्यक्रम नको. चुकलेली सुरुवात, व्हॅनमध्ये ड्रम चढवताना झालेले भांडण, जिन्यात पोह्यांच्या बशा घेऊन बसलेले आई-बाप, सगळे घ्या. मुलांना आधी विचारा. प्रत्येक फाइलला तारीख, जागा आणि नावे द्या, नाहीतर दहा वर्षांनी कोण कोण होते यावरच वाद होतील. आणि एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कोणाकडे ठेवा.

सरावाला जागा कमी पडली, तर आमचे तळघर रिकामे आहे. तपासायला उत्तरपत्रिकाही आता नाहीत.